खालच्या सतरा ओळी

"आज मोजल्या नाहीत," सून म्हणाली. तिनं डबा पायरीखाली ठेवला आणि ती हात धुवायला गेली.

म्हाताऱ्यानं भिंतीचा आधार घेत वाकून पाहिलं. मिठाच्या पाण्यात करड्या गोगलगायींचा नुसता लगदा झाला होता. शंखवाल्या नव्हेत, बिनशंखाच्या, करंगळीएवढ्या. गावात त्यांना सरळ नागड्या म्हणत. त्यांचा चिकटा एकदा बोटांना लागला की साबणाला दाद द्यायचा नाही, राखेनं घासावा लागे. आठवडाभर घासून घासून सुनेची बोटं पांढरी पडली होती आणि नखांच्या कडांना भेगा गेल्या होत्या.

"वाढतायत, बाबा," ती हात चोळता चोळता म्हणाली. "रोज एवढ्या वेचते, तरी दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त."

"किती रोपं राहिली?"

"वरच्या अंगाला दहातली तीन."

म्हातारा काही बोलला नाही. चुलीपाशी बसलेली म्हातारीही बोलली नाही. या घरात दोन माणसं एका वेळी गप्प बसली की तिसऱ्याला कळायचं की सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आहे. ती गोष्ट म्हणजे नांगर.

शेत उताराचं. सोयाबीन उगवून नऊ दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत पाऊस असा ना तसा, नुसती रिपरिप. मक्याचं एक बरं असतं, वरचं पान खाल्लं तरी पोटातून दुसरं येतं. सोयाबीनची मान खाल्ली की खेळ खलास. नागड्या पानं खात बसत नाहीत, त्या थेट मानेलाच तोंड लावतात. म्हणून सून संध्याकाळी ओळींमधून ओली गोणपाटं आणि जुन्या फळ्या पसरून ठेवायची. रात्रभर चरून नागड्या गारव्याला त्यांच्याखाली जमायच्या, आणि फटफटायला लागलं की ती फळ्या उचलून त्यांना वेचायची. दोनशे फळ्या आणि एक कंबर. वरचंच उरकता उरकता ऊन चढायचं, ओढ्याकडच्या खालच्या फळ्या उचलायच्या राहून जायच्या.

नागड्यांचं आणि नांगराचं जुनं वैर. नांगर फिरला की त्यांची अंडी उघडी पडतात, उन्हानं वाळतात, पाखरं टिपतात. मोठ्या असतात त्या ढेकळांखाली गाडल्या जातात. नांगर थांबला की मागच्या पिकाची धाटं आणि पाला जमिनीवर तसाच राहतो, त्याखाली ओल धरते, आणि ओल म्हणजे नागड्यांचं माहेर. हे म्हाताऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याची अख्खी हयात नांगरामागं गेली होती. त्याचं तास इतकं सरळ जायचं की गावानं त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. हे नाव तोंडावर घेतलं तरी त्याला राग येत नसे, उलट मान ताठ व्हायची. बोलण्यातही तो तसाच होता. कुणाच्या बांधाचं, वाटणीचं भांडण लागलं की लोक म्हणत, फूटपट्टीला विचारा, तो वाकडं सांगायचा नाही.

पण चार वर्षांपूर्वी एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस आला आणि नुकत्याच नांगरलेल्या या शेताची वरची माती डोळ्यांदेखत ओढ्यात गेली. खाली पिवळा मुरूम दिसायला लागला. म्हाताऱ्याचे गुडघे त्याच वर्षी गेले. मुलगा दुधाचा टँकर चालवायचा, आठ-आठ दिवस रस्त्यावर. शेत आलं सुनेच्या अंगावर. ती कुठल्याशा शेतीच्या वर्गाला चार दिवस जाऊन आली आणि म्हणाली, या शेतात आता नांगर घालायचा नाही. मागच्या पिकाच्या धाटातच टोकण यंत्रानं भोक पाडून बी टाकायचं.

"दाढी न करता लग्नाला गेल्यासारखं दिसेल," म्हातारा तेव्हा म्हणाला होता.

"दिसू दे. माती तर जागेवर राहील."

माती राहिली. चार वर्षांत मूठभर उचलली तर काळी लागायला लागली, गांडुळं दिसायला लागली. लोक हसायचे ते हसायचेच. फूटपट्टीच्या शेतात आता केस विंचरत नाहीत वाटतं, असं म्हणायचे. म्हातारा त्यांच्यात बसून हसला नाही की त्यानं त्यांना गप्पही केलं नाही. शेताजवळून जाताना मात्र तो दुसरीकडे बघायचा.

नागड्या दरवर्षी यायच्या, पण थोड्या. सुनेचं म्हणणं होतं की त्यांना काळे किडे आवरतात. पाल्याखाली हे चकचकीत काळे किडे पळत असायचे, अंगठ्याच्या नखाएवढे, आणि नागडी दिसली की तिला जबड्यात धरायचे. सुनेनं त्यांचं नाव शिपाई ठेवलं होतं. नांगरानं शिपाईही मरतात, असं ती सांगायची. म्हाताऱ्याला ते पटायचं नाही. किडा तो किडा, त्याचं कौतुक काय करायचं.

या वर्षी शिपाई कुठं गेले कुणास ठाऊक. पहिली पेरणी शिपाई पाल्यातून बाहेर पडायच्या आतच नागड्यांनी मोडली, ही दुसरी. बियाणं आणखी एकदा पुरेल एवढंच होतं आणि दिवसही तेवढेच. मुलानं फोनवर बोलताना आवाज चढवला, तेव्हा सुनेनंच सांगून टाकलं, "रविवारपर्यंत निम्मी रोपं उभी दिसली नाहीत तर मी स्वतः नांगर बोलावीन. मग पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार नाही."

तिनं सांगितलं तसं ती करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षांची माती रविवारवर येऊन टेकली होती.

शुक्रवारी सकाळी म्हातारा काठी घेऊन तिच्याबरोबर निघाला.

"तुमच्यानं वाकवत नाही," सून म्हणाली.

"बसवतं ना. बसत बसत सरकेन. तू वरनं ये, मी खालनं येतो."

पावसाची झड ओसरली होती, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. म्हातारा ओढ्याच्या बाजूला गेला, गोणपाटाची घडी घालून तिच्यावर बसला आणि त्यानं पहिली फळी उचलली. खाली दोन नागड्या होत्या. दुसरीखाली एक. तिसरीखाली एक शिपाई एका नागडीच्या मानेला धरून मागं मागं ओढत होता आणि ती वेटोळं घालून सुटायला बघत होती. म्हातारा बघतच राहिला. त्यानं फळी हळूच बाजूला ठेवली. मग त्यानं डोळे वर केले तर आजूबाजूला रोपं उभी होती. दोन्ही जाड पानं धड, मधून कोवळा शेंडा निघालेला. तो सरकत सरकत पुढं गेला. ओळी मोजल्या. सतरा ओळी भरल्या होत्या, आणि अठराव्या ओळीपासून वर नुसती तुटकी बुडखी.

सुनेला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तीच वरून येताना दिसली. तिची मूठ मिटलेली होती.

"बाबा, हे बघा." तिनं मूठ उघडली. तळहातावर तीन शिपाई उताणे पडले होते. एकाचे पाय नुसते थरथरत होते. "वरच्या अंगाला फळीगणिक असेच. त्यांना विषबाधा झालीय. त्या भोंग्यानं त्याच्या शेतात काहीतरी फवारलंय, ते वाऱ्यानं इकडं आलं."

भोंगा म्हणजे वरच्या शेताचा मालक, गावातल्या एकुलत्या एक ट्रॅक्टरचाही मालक. त्याचा हॉर्न आणि त्याचा गळा दोन्ही सारखेच मोठे होते.

"इकडं कसे आहेत?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्याच्या हातात फळी होती. त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. त्यानं फळी खाली ठेवली.

"इकडंही तसेच," तो म्हणाला.

"मग ही उभी रोपंही आज ना उद्या जाणार," सून म्हणाली आणि परत वर गेली. फळी उचलून खात्री करावी, असं तिच्या मनातही आलं नाही. फूटपट्टी वाकडं बोलत नाही.

घरी येऊन म्हातारा शेडमध्ये गेला. जुन्या वखराच्या मागं हात घालून त्यानं एक चुरगळलेली रिकामी पुडी काढली. दुसऱ्या पेरणीच्या आदल्या दुपारी त्यानंच ती तिथं दडवली होती. दरवर्षी पेरणीआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणूंची काळी भुकटी चोळायचं काम त्याच्याकडे असायचं. गुडघे गेल्यापासून शेतातलं तेवढंच काम त्याला उरलं होतं, आणि तो ते जीव ओतून करायचा. सुनेनं बजावलं होतं, बाकी काही लावायचं नाही, कीटकनाशक तर मुळीच नाही. पण पहिली पेरणी मोडली त्या दिवशी त्यानं तिला गोठ्याच्या मागं रडताना पाहिलं होतं. त्यानं दुकानातून औषधाची पुडी आणली, भुकटीत मिसळली आणि बियाण्याला चोळली. काळ्यात औषधाचा रंग लपला. पुडी तीन पोत्यांना पुरली. चौथं पोतं कोरंच राहिलं, आणि तेच शेवटी, खालच्या सतरा ओळींत गेलं.

गोगलगाय किडा नाही, किड्याचं औषध तिला लागत नाही, हे त्याला कोण सांगणार. औषधाचं रोप खाऊन नागड्या मजेत राहिल्या, आणि त्या नागड्या खाऊन शिपाई उताणे पडले.

"काय शोधताय?" म्हातारी दारात उभी होती. तिची नजर पुडीवर गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला फार विचारावं लागत नसे. "सुनेला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगा."

"आता सांगून काय उपयोग? रविवारी नांगर येणारच आहे."

"म्हणजे तुम्हाला हवं तेच होणार," म्हातारी म्हणाली.

म्हातारा चिडला. "मी तिच्यासाठी केलं. तिचं पीक वाचावं म्हणून केलं."

"मग तिलाच सांगायला काय जातं तुमचं?"

त्याचं काय जात होतं ते त्याला चांगलं माहीत होतं. गुडघे गेले, नांगर गेला, आता त्याच्याजवळ एवढंच राहिलं होतं की घरात आणि गावात त्याच्या शब्दाला कुणी माप लावत नव्हतं. त्यानं पुडी परत वखरामागं टाकली.

शनिवारी सून भोंग्याच्या दारात जाऊन भांडून आली. त्यानं फवारलं नाही म्हणून पोरांची शपथ घेतली, तिनं त्याला खोटारडा म्हटलं, चार बायका बघायला जमल्या. "आणि त्याच माणसाला उद्या नांगर घेऊन ये म्हणून सांगून आले," ती म्हणाली. "गावात दुसरा ट्रॅक्टर कुठाय." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. म्हाताऱ्यानं ताटात हात धुतला. भूक नाही म्हणाला.

रविवारी उजाडताच भोंगा आला. बांधापाशी ट्रॅक्टर उभा केला, पण खाली उतरला नाही. नांगराचे फाळ वर उचललेले होते. वाटेनं जाणारे दोघेतिघे रेंगाळले.

"वहिनी, आधी एक सांगा," त्यानं इंजिनाच्या वर आवाज काढला. "मी फवारलं का?"

"कुणीतरी फवारलंय," सून म्हणाली. "किडे काय हौसेनं मेले?"

"मी शपथ घेतली, तरी तुम्ही चार माणसांत मला खोटारडा म्हणालात. काका, तुम्ही सांगा. तुमचा शब्द मला मान्य."

"विचारा की बाबांना," सून म्हणाली. "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. वरपासून ओढ्यापर्यंत सगळे मेलेत."

दोघंही त्याच्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्यानं काठी ट्रॅक्टरकडे केली.

"इंजिन बंद कर," तो म्हणाला.

भोंग्यानं किल्ली फिरवली. एकदम शांत झालं.

"खालचे मेलेले नाहीत. जिवंत आहेत. परवा मी खोटं बोललो." त्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "फवाऱ्यानं काही झालेलं नाही. बियाण्याला मी औषध चोळलं होतं. भुकटीत मिसळून. खालच्या सतरा ओळींना पुरलं नाही, म्हणून त्या उभ्या आहेत."

भोंगा हसला. मग सुनेकडे बघून त्यानं हसू आवरलं. सून खाली गेली. एक फळी उचलली, दुसरी उचलली. सतरा ओळींतल्या सगळ्या फळ्या तिनं एकेक करून उचलल्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. तोवर कुणी हललं नाही. म्हाताऱ्याला कुठलाच वेळ उभ्या जन्मात एवढा मोठा वाटला नव्हता.

ती परत आली. "मला विचारायचं होतंत."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, बाबा."

म्हाताऱ्यानं काठीचं टोक मातीत रोवलं.

"लोक हसायचे," ती म्हणाली. "चार वर्षं. मला वाटायचं, हसू देत, घरात एक माणूस तोंडानं बोलत नाही पण माझ्या बाजूनं आहे."

"होतो," म्हातारा म्हणाला. "बाजूनं होतो. विश्वास नव्हता."

हे त्यानं इतकं सरळ सांगितलं की तिला रडायचंही सुचलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती भोंग्याकडे वळली. "माझं चुकलं. तुम्ही खोटं बोलत नव्हता."

"असू दे, वहिनी," भोंगा पहिल्यांदाच खालच्या पट्टीत बोलला. "मग आता काय करायचं? परत जाऊ?"

ती शेताकडे बघत राहिली. वरचं अंग तुटक्या बुडख्यांचं, खाली सतरा ओळींचा हिरवा पट्टा.

"वरचं नांगरा," ती म्हणाली. "शिपाई मेलेत, आता नागड्यांना दुसरं कोण आवरणार. खोल घालू नका, चार बोटं पुरे. पण या सतरा ओळींना हात लावायचा नाही. इथले शिपाई वाचले तर पुढच्या वर्षी वर पसरतील."

"ते खरं, पण ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. तुमच्या सतरांतल्या दोन-चार ओळी चाकाखाली जाणारच. मला वरनं अंदाज येत नाही कुठं संपतंय."

कुणी काही बोलायच्या आत म्हातारा निघाला. धाटांतून काठी टेकत टेकत तो खाली गेला आणि सतरा ओळींच्या वरच्या कडेला, पहिल्या रोपापुढं जाऊन उभा राहिला.

"इथं संपतंय," तो ओरडला. "माझ्या अलीकडं वळ."

ट्रॅक्टर सुरू झाला. फाळ खाली आले आणि चार वर्षं झाकलेली माती उलटायला लागली. तिचा वास म्हाताऱ्यापर्यंत आला. याच वासासाठी तो चार वर्षं झुरला होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला तो आठवायचा. आता तो नाकात भरला आणि त्याला रडू यायला लागलं. उलटलेल्या मातीत गांडुळं वळवळत होती, करड्या नागड्या उघड्या पडत होत्या आणि कावळे मागोमाग उड्या मारत येत होते.

दर फेरीला ट्रॅक्टर उतारानं त्याच्या अंगावर आल्यासारखा यायचा आणि हातभर अंतरावरून वळायचा. चिखल उडून त्याच्या धोतरावर बसायचा. तो हलला नाही. ट्रॅक्टर बाजूला सरकला की तोही कडेकडेनं सरकायचा, पुढच्या रोपापुढं उभा राहायचा. वाटेवरची माणसं आता दहाबारा झाली होती.

"काय राखताय, काका?" एकानं विचारलं.

"किडे," म्हातारा म्हणाला.

लोक खो खो हसले. त्यानं त्यांना हसू दिलं.

अर्ध्या शेतावर त्याचे गुडघे लटपटायला लागले. काठी मऊ मातीत रुतत होती. त्यानं दात आवळले आणि डोळे ट्रॅक्टरवर ठेवले, कारण खाली बसला असता तर भोंग्याला तो दिसला नसता.

सून बांधावरून हे सगळं बघत होती. ट्रॅक्टर सुरू झाल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि राग तिच्या तोंडावर अजून होता. ती खाली आली. येताना तिनं एक बादली आणली होती. ती तिनं त्याच्या मागं उपडी ठेवली, त्याच्या दंडाला धरलं, आणि वळसा घालून त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"बसा," ती ट्रॅक्टरकडे बघत म्हणाली. "मी दिसते त्याला."